पाण, पान आणि पन : रोमन पालीतील चिन्हांचा प्रश्न

पालि भाषेला स्वतःची म्हणता येईल अशी लिपी नाही, ही गोष्ट पालीच्या अभ्यासकांना परिचित आहे. सिंहलद्वीपात ती सिंहली लिपीत लिहिली गेली, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत, सयाममध्ये पूर्वी ख्मेर वळणाच्या व पुढे थाई लिपीत. भारतात विसाव्या शतकात ती देवनागरीत छापली जाऊ लागली आणि युरोपात त्याआधीच रोमन लिपीत स्थिरावली. लिपी बदलली तरी बुद्धवचन बदलले नाही, याचे कारण प्रत्येक देशातील लेखकांनी पालीतील प्रत्येक वर्णासाठी आपल्या लिपीत स्वतंत्र खूण राखली. ज्या लिपीत ती खूण नव्हती तेथे ती निर्माण केली. रोमन लिपीतील रेघा आणि टिंबे ही अशीच निर्माण केलेली चिन्हे होत.

गेल्या काही वर्षांत आपल्याकडे रोमन लिपीतील पालि मजकुराचे प्रमाण पुष्कळ वाढले आहे. वंदनेच्या पुस्तिका, परित्त-पाठांचे संग्रह, शिबिरांची टिपणे, इंग्रजी माध्यमातील मुलांसाठी केलेली वाचनपुस्तके, परदेशी स्थायिक झालेल्या मराठी बौद्ध कुटुंबांसाठी तयार केलेले पाठ हे सर्व संगणकावर जुळविले जाते. त्यात ही चिन्हे कधी असतात, कधी नसतात, कधी अर्धीच असतात. हा दोष मुद्रणाचा आहे, विचाराचा नाही, असे समजून त्याकडे दुर्लक्ष करण्याची रीत पडली आहे. प्रस्तुत लेखात या रीतीची तपासणी करावयाची आहे. चिन्ह गाळण्याचा परिणाम अक्षराच्या शोभेपुरता मर्यादित न राहता वाचकाच्या अधिकारापर्यंत पोहोचतो, हे येथील मुख्य प्रतिपाद्य आहे.

चिन्हांची गरज

कच्चायन व्याकरणानुसार पालीत ८ स्वर व ३३ व्यंजने मिळून ४१ वर्ण आहेत. इंग्रजी रोमन वर्णमालेत अक्षरे २६. महाप्राण व्यंजनांसाठी एच हे अक्षर जोडून बरेच काम भागते. तरीही दहा ठिकाणी नवे चिन्ह लागतेच. आ, ई, ऊ या दीर्घ स्वरांवर आडवी रेघ. ट, ड, ण, ळ यांच्याखाली टिंब. ङ साठी एन या अक्षरावर टिंब. ञ साठी त्याच अक्षरावर नागमोडी रेघ. आणि निग्गहीतासाठी, म्हणजे अनुस्वारासाठी, एम या अक्षराला टिंब. एवढाच हा संभार आहे. दहा अक्षरे ओळखली की रोमन लिपीतील सारे तिपिटक वाचता येते.

या पद्धतीला मोठा इतिहास आहे. फाउसबोल यांनी १८५५ मध्ये कोपनहेगन येथे धम्मपद रोमन लिपीत लॅटिन भाषांतरासह प्रसिद्ध केले. चाइल्डर्स यांचा पालि कोश १८७२ ते १८७५ या काळात निघाला. ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये लंडन येथे पालि टेक्स्ट सोसायटी स्थापन केली आणि रोमन लिपीतील संहितांची माला सुरू झाली. १८९४ मध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत संस्कृत व तत्सम भाषांच्या लिप्यंतराविषयी जी संमती झाली, तिनेच आजच्या चिन्हांना बहुतांशी स्थैर्य दिले. त्या काळी प्रत्येक चिन्हासाठी धातूचा वेगळा खिळा पाडावा लागे, जुळाऱ्याला तो वेगळ्या खणातून उचलावा लागे. तरीही लंडन व कोपनहेगन येथील मुद्रकांनी ते काम निष्ठेने केले. एका कळीने अक्षर उमटविणाऱ्या काळात तेच काम अवघड वाटावे, हा विरोधाभास नोंदविण्यासारखा आहे.

मात्र हा वारसाही सर्वत्र एकसारखा नाही. निग्गहीताचेच उदाहरण घ्यावे. ऱ्हीस डेव्हिड्स व स्टीड यांच्या १९२१ ते १९२५ च्या कोशात ते शेपटी असलेल्या एन या अक्षराने दाखविले आहे. नंतरच्या बहुतेक संहितांत एम खाली टिंब आहे. २००१ च्या आय.एस.ओ. १५९१९ या आंतरराष्ट्रीय मानकात टिंब एमच्या डोक्यावर आहे. तीनही खुणा एकाच वर्णाच्या. ज्याला हे ठाऊक नाही त्याला हे तीन वेगळे ध्वनी वाटतात, आणि संगणकावर शोध घेताना यंत्रालाही ते तीन वेगळेच वाटतात. ळ ची स्थितीही अशीच आहे. पालीत एलखाली टिंब म्हणजे ळ; संस्कृतच्या रूढ लिप्यंतरात तेच चिन्ह ऌ या स्वरासाठी वापरले जाते. म्हणून कोणती पद्धत स्वीकारली आहे हे ग्रंथाच्या आरंभी सांगणे संपादकाचे कर्तव्य ठरते. आपल्याकडील पुस्तिकांत असा खुलासा अपवादानेच आढळतो.

चिन्ह गळाले म्हणजे काय गळाले?

‘बुद्ध’, ‘धम्म’, ‘मेत्ता’, ‘दुक्ख’, ‘अनिच्च’ हे शब्द रोमन लिपीत चिन्हांविना लिहिले तरी फारसे बिघडत नाही. आपल्या नित्य परिचयाचे बरेच शब्द या प्रकारचे असल्यामुळे चिन्हे अनावश्यक आहेत असा समज दृढ झाला असावा. परंतु पालि हा काही वीस-पंचवीस परिचित शब्दांचा संग्रह नव्हे.

पी, ए, एन, ए ही चार अक्षरे चिन्हांविना एकापुढे एक ठेवावीत. वाचकासमोर किमान चार पालि शब्द उभे राहतात. ‘पन’ म्हणजे परंतु, पुन्हा. मराठीतील ‘पण’शी नाते सांगणारे हे अव्यय सुत्तांच्या गद्यात पदोपदी येते. ‘पण’ म्हणजे पैज. ‘पान’ म्हणजे पिणे किंवा पेय. मज्जपान या शब्दातील पान ते हेच. आणि ‘पाण’ म्हणजे प्राण, सजीव. पहिल्या सीलातील पाणातिपात या शब्दाचे हे पहिले पद. रेघ आणि टिंब यांच्याशिवाय ह्या चारांत भेद करण्याचे कोणतेही साधन कागदावर उरत नाही. सजीवाची हिंसा आणि पेयाचे सेवन, म्हणजे पहिले सील आणि पाचव्या सीलाचा विषय, एकाच अक्षरपंक्तीत येऊन बसतात.

‘बल’ आणि ‘बाल’ यांचेही तसेच. बल म्हणजे सामर्थ्य. बोधिपक्खिय धम्मांत पाच बलांची गणना आहे. बाल म्हणजे मूढ, अज्ञ मनुष्य. धम्मपदाचा पाचवा वग्ग बालवग्ग आहे. अंगुत्तर निकायात तर दोन्ही नावांचे वग्ग आहेत: दुकनिपात व तिकनिपात यांत बालवग्ग, पञ्चकनिपातात बलवग्ग. चिन्हांविना छापलेल्या सूचीत मूर्खांचा अध्याय कोणता आणि सामर्थ्याचा कोणता, हे केवळ क्रमांकावरून ओळखावे लागते.

ही यादी कितीही वाढविता येईल. ‘मल’ म्हणजे मळ आणि ‘माला’ म्हणजे फुलांची माळ. ‘जर’ म्हणजे ज्वर आणि ‘जरा’ म्हणजे वार्धक्य. ‘पर’ म्हणजे दुसरा आणि ‘पार’ म्हणजे पैलतीर. ‘सर’ म्हणजे बाण, सरोवर किंवा स्वर आणि ‘सार’ म्हणजे गाभा. ‘कम’ म्हणजे क्रम आणि ‘काम’ म्हणजे वासना. ‘वन’ म्हणजे अरण्य आणि ‘वण’ म्हणजे व्रण. ‘अत्थ’ म्हणजे अर्थ आणि ‘अट्ठ’ म्हणजे आठ. शिवाय अट्ठकथा या शब्दात ‘अट्ठ’ हे रूप अर्थ या अर्थाने येते, म्हणजे तेथे टिंब गेले तर शब्दाचे प्रचलित रूपच गेले. सर्वांत बोलके उदाहरण ‘ञाण’ या शब्दाचे. ज्ञानवाचक हा शब्द आणि ‘विविध’ या अर्थाचा ‘नाना’ हा शब्द, दोन्ही चिन्हांविना तंतोतंत सारखे दिसतात. विपस्सनाञाणाचे टप्पे वाचणाऱ्या मराठी मुलाला तेथे घरातल्या नानांची आठवण झाली, तर दोष त्या मुलाचा नाही.

संदर्भावरून अर्थ लागतो, असे यावर उत्तर दिले जाते. ते अर्धसत्य आहे. ज्याला पालि येते त्याला संदर्भावरून अर्थ लागतो. ज्याला येत नाही, जो शिकू पाहतो आहे, त्याच्यापाशी संदर्भ नसतोच. त्याच्यापाशी असतो तो कागद आणि कोश. कोशात शब्द शोधण्यासाठी त्याला अक्षर निश्चित ठाऊक असावे लागते. ऱ्हीस डेव्हिड्स-स्टीड कोशाचा क्रम भारतीय वर्णमालेचा आहे. तेथे ण आणि न, ट आणि त यांची पाने फार दूर आहेत. चिन्हरहित मजकूर हाती असलेला विद्यार्थी कोशाच्या दारातूनच परत फिरतो आणि कोणाला तरी विचारावयास जातो. चिन्हे गाळणे परवडते ते विद्वानाला. त्याची किंमत मात्र नवशिक्याला द्यावी लागते.

यंत्राची अडचण : कालची आणि आजची

ही चिन्हे गळण्यामागे एक खरी तांत्रिक अडचण होती, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. अमेरिकन संकेतप्रणालीत, म्हणजे आस्कीमध्ये, एकूण १२८ स्थाने. त्यांतील ९५ छापण्याजोगी. ती इंग्रजीच्या गरजेपुरती होती. पुढे स्थाने २५६ झाली, पण वाढीव जागा पश्चिम युरोपातील भाषांनी व्यापल्या. पालीला लागणाऱ्या दहा अक्षरांपैकी ञ चे अक्षर तेवढे त्यात होते, कारण स्पॅनिश भाषेला ते लागते. रेघेचे दीर्घ स्वर लाटव्हियन भाषेत असल्याने बाल्टिक देशांसाठी केलेल्या वेगळ्या संचात मिळत. टिंबाच्या ट, ड, ण, ळ या अक्षरांना मात्र त्या बाजारात कोणी वाली नव्हता.

तेव्हा पालि व संस्कृतच्या अभ्यासकांनी आपापले फाँट तयार केले. एखाद्या निरुपयोगी स्थानावरील अक्षर पुसून तेथे टिंबाचा ट बसवावयाचा, अशी ही युक्ती. ती त्या संगणकापुरती चाले. मजकूर दुसऱ्या ठिकाणी गेला आणि तेथे तो फाँट नसला, की प्रत्येक दीर्घ आच्या जागी भलतेच युरोपीय अक्षर किंवा चौकट उमटे. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. देवनागरीच्या जुन्या फाँटांनी आपल्याला हाच अनुभव वर्षानुवर्षे दिला आहे. दुसरा मार्ग लिप्यंतराच्या संकेतांचा. वेल्थुइस यांनी १९९१ च्या सुमारास देवनागरीच्या जुळणीसाठी जी पद्धत वापरली, तिच्यात दीर्घ स्वरासाठी अक्षर दोनदा लिहितात आणि मूर्धन्य व्यंजनाच्या आधी पूर्णविरामासारखे टिंब देतात. वाक्याच्या मध्येच टिंबे पाहून नवखा वाचक बिचकतो. ही पद्धत दिसावयास कुरूप, परंतु प्रामाणिक आहे. तिच्यात एकही वर्ण हरवत नाही.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली, आणि टिंबाची अक्षरे ज्या विभागात आहेत तो १९९३ च्या १.१ या आवृत्तीत दाखल झाला. तेव्हापासून पालीला लागणाऱ्या दहाही अक्षरांना स्वतःचा कायम क्रमांक आहे. हा क्रमांक कोणत्याही फाँटवर अवलंबून नाही. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये १ई४३ असा क्रमांक रोमनमध्ये लिहून आल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबल्या की निग्गहीताचे टिंबाचे एम उमटते. दीर्घ आचा क्रमांक ०१०१ आहे. हे रोज करणे जिकिरीचे वाटल्यास प्रत्येक अक्षराला एकदाच स्वतःची कळजोड नेमून ठेवता येते, किंवा आपोआप दुरुस्तीच्या सोयीत दोनदा लिहिलेल्या ए चे रेघेच्या ए मध्ये रूपांतर करावयास सांगता येते. मॅक संगणकावर एबीसी एक्स्टेंडेड हा कळफलक निवडला की रेघ आणि टिंब दोन्ही हाताशी येतात. भ्रमणध्वनीवर मात्र नेहमीच्या इंग्रजी कळफलकात ए ही कळ दाबून धरल्यास रेघेचा ए बहुधा मिळतो, टिंबाचा टी मिळत नाही. या तपशिलाचा परिणाम पुढे दिसेलच.

एक अडचण अद्याप शिल्लक आहे. युनिकोडमध्ये दीर्घ आ दोन रीतींनी नोंदता येतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा साधा ए आणि त्यावर जोडलेली स्वतंत्र रेघ म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखे; परंतु काही शोधसाधने त्यांना भिन्न समजतात आणि ग्रंथात असलेला शब्द नाही म्हणून सांगतात. एका ग्रंथात एकच रीत पाळली आणि ती एकसंध अक्षराची ठेवली, तर ही पीडा टळते. थोडक्यात, १९९० पूर्वी ‘यंत्र लिहू देत नाही’ हे उत्तर खरे होते. आज ते खरे नाही.

चार प्रकारची प्रकाशने

सध्या प्रचारात असलेल्या रोमन पालि पुस्तिकांचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात.

पहिल्या वर्गात चिन्हे मुळीच नाहीत. येथे वाचकाला निदान एवढे कळते की काही सांगितलेले नाही. तो सावध राहू शकतो.

दुसऱ्या वर्गात चिन्हे पूर्ण आहेत. असे ग्रंथ बहुधा संहितेच्या विश्वसनीय संगणकीय आवृत्तीवरून घेतलेले असतात. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने १९९७ मध्ये छट्ठ संगायनाच्या संहितेची तबकडी प्रसृत केली आणि पुढील आवृत्त्यांत तीच संहिता अनेक लिप्यांत पाहण्याची सोय दिली. मराठी मुलखातून झालेले हे काम पालीच्या जागतिक अभ्यासाला उपकारक ठरले आहे. अशा आवृत्तीवरून मजकूर घेणाऱ्याला चिन्हांची चिंता करण्याचे कारण नाही. ती तेथे आहेतच. असे असता तोच मजकूर पुन्हा हाताने, चिन्हांविना टंकलिखित करण्याचा खटाटोप का केला जातो, हे कोडे आहे.

तिसऱ्या वर्गात चिन्हे होती, पण फाँट बदलल्याने त्यांचा चुराडा झाला आहे. शब्दाच्या मध्येच प्रश्नचिन्ह, चौकट किंवा परके अक्षर दिसते. हा दोष उघडा असल्याने मुद्रितशोधकाला सापडतो. तो तसाच छापला जात असेल तर मुद्रितशोधन झालेलेच नाही, एवढेच म्हणता येईल.

चौथा वर्ग सर्वांत घातक आहे, आणि दुर्दैवाने तो वाढत आहे. त्यात रेघा आहेत, टिंबे नाहीत. कारण वर आलेच आहे: रेघ सहज मिळते, टिंब शोधावे लागते. अशा पुस्तिकेत पाणातिपात हा शब्द ‘पानातिपात’ असा छापला जातो. चिन्हे मुळीच नसती तर वाचकाने शंका घेतली असती. येथे आ वरची रेघ पाहून त्याची खात्री पटते की चिन्हे दिलेली आहेत. मग एनखाली टिंब नाही याचा अर्थ तो ‘न’ असाच करतो, आणि तसा करणे तर्काला धरूनच आहे. चिन्हरहित मजकूर संदिग्ध असतो. अर्धचिन्हांकित मजकूर असत्य असतो. संपादकाने पूर्ण चिन्हे द्यावीत किंवा एकही देऊ नये. मधला मार्ग येथे ग्राह्य नाही.

रोमनमधून पुन्हा मराठीत

हा प्रश्न इंग्रजी वाचणाऱ्यांपुरता आहे असे समजणे चूक ठरेल. आपल्याकडील पुष्कळ मराठी लेखन इंग्रजी ग्रंथांच्या आधारे होते. इंग्रजी ग्रंथात चिन्हे नसली की मराठी लेखक अंदाजाने देवनागरी रूप तयार करतो. ‘थेरवाद’ हा शब्द मराठीत व हिंदीत ‘थेरावाद’ असा लिहिलेला वारंवार आढळतो, तो याच मार्गाने आलेला आहे. आनापानसतीचे ‘अनापानसती’ होते. कालामांना उपदेशिलेल्या सुत्ताचे ‘कलाम सुत्त’ होते. सतिपट्ठानातील जोडाक्षराची तर नाना रूपे पाहावयास मिळतात. ज्या भाषेच्या लिपीत पालीचा प्रत्येक वर्ण जन्मतः आहे, त्या भाषेतील लेखकाने पालि शब्द इंग्रजीच्या गाळणीतून गाळून घ्यावा, ही खेदाची गोष्ट आहे.

मराठीला तर येथे विशेष लाभ आहे. पालीतील ळ आपल्या उच्चारात व लिपीत जिवंत आहे. आसाळ्ही हा शब्द वाचताना मराठी माणसाला अडखळण्याचे कारण नाही. उत्तरेकडील काही मुद्रणांत त्या ळ चा ल झाला आणि तेथून तो आपल्याकडे आयात झाला. उलट ञ आणि ङ ही अक्षरे मराठीच्या रोजच्या लेखनात अनुस्वाराने झाकली गेल्यामुळे आपल्या जुळाऱ्याला ती परकी वाटतात. ‘पञ्ञा’ हा शब्द त्यामुळेच निरनिराळ्या वेषांत छापला जातो. म्हणजे देवनागरीतही न रुळलेल्या अक्षरांचा प्रश्न आहेच, केवळ त्याचे स्वरूप वेगळे आहे.

या बाबतीत आपल्या पूर्वसूरींनी घालून दिलेला पाठ विसरण्यासारखा नाही. पु. वि. बापट यांनी १९२४ मध्ये पुण्याहून सुत्तनिपात देवनागरीत संपादित केला. धर्मानंद कोसंबी यांनी संपादिलेला विसुद्धिमग्ग १९४० मध्ये भारतीय विद्या भवनाने देवनागरीत प्रसिद्ध केला. भिक्खू जगदीश कश्यप यांच्या प्रधान संपादकत्वाखाली १९५६ ते १९६१ या काळात नालंदा येथून देवनागरी तिपिटकाचे ४१ खंड निघाले. देवनागरी पालि घडविण्यासाठी या विद्वानांनी खर्ची घातलेले श्रम लक्षात घेता, आपण चिन्हरहित रोमनवर संतुष्ट राहावे हे शोभत नाही.

शुद्धतेचा आग्रह आणि त्याचे भय

येथे एका गंभीर आक्षेपाचा विचार करणे अगत्याचे आहे. उच्चारशुद्धीच्या नावाखाली या देशात बहुसंख्यांना विद्येपासून दूर ठेवले गेले. स्वर चुकला म्हणून मंत्र उलटला आणि यजमानाचाच घात झाला, ही इंद्रशत्रूची कथा महाभाष्यात सांगितली आहे. तिच्यामागची दृष्टी अशी की शब्दाचे बळ त्याच्या ध्वनीत आहे आणि तो ध्वनी अधिकारी व्यक्तीच्याच मुखी सुरक्षित आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ज्या समाजाने वंदना पहिल्यांदाच कंठस्थ केली, त्याला ‘तुमचा ण चुकला’ असे सांगणे म्हणजे जुनेच पौरोहित्य नव्या वस्त्रात आणणे नव्हे काय?

आक्षेपातील वेदना खरी आहे आणि तिचा आदर केला पाहिजे. धम्मात चुकीच्या उच्चाराला पाप नाही. श्रद्धेने वंदना म्हणणाऱ्या वृद्ध मातेच्या उच्चाराची परीक्षा घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. चुल्लवग्गात ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खू बंधूंची हकीकत आहे. निरनिराळ्या कुळांतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवितात, सबब ते छंदात बांधावे, अशी त्यांची विनंती होती. भगवंतांनी ती नाकारली आणि बुद्धवचन आपल्या भाषेत शिकण्यास अनुज्ञा दिली. ‘आपल्या’ म्हणजे कोणाच्या, याविषयी अट्ठकथाकार व आधुनिक पंडित यांच्यात मतभेद आहे; परंतु वचन छंदाच्या कुंपणात घालावयाचे नाही, याविषयी मतभेद नाही.

तथापि या घटनेवरून अक्षराविषयी बेपर्वाई धम्माला मान्य आहे असा निष्कर्ष निघत नाही. अंगुत्तर निकायाच्या दुकनिपातात सद्धम्माच्या लोपाची दोन कारणे सांगितली आहेत: पदव्यंजनांची चुकीची मांडणी आणि अर्थाचे चुकीचे ग्रहण. मांडणी चुकली की अर्थही चुकतो, असा तेथे कार्यकारणभाव आहे. येथे भर अर्थाच्या हानीवर आहे. म्हणणाऱ्यावर कोणताही कोप ओढवत नाही. (त्या वग्गाच्या पाठोपाठ येतो तो बालवग्ग, चिन्ह गाळणाऱ्याने तोही वाचून पाहावा.) विनयाच्या अट्ठकथेत कम्मवाचेसाठी व्यंजनांचे दहा भेद सांगितले आहेत, शिथिल-धनित, दीर्घ-ऱ्हस्व, गुरु-लघु, निग्गहित-विमुक्त असे ते बारकावे आहेत. तेथेही प्रयोजन संघाच्या कृत्याची निश्चिती हे आहे, ध्वनीचे माहात्म्य हे नाही.

उच्चार आणि लेखन यांतील भेद येथे निर्णायक ठरतो. उच्चाराची चूक म्हणणाऱ्याची असते आणि ती त्याच्यापुरती राहते. छापलेली चूक मात्र संपादकाची असते आणि ती सहस्रावधी वाचकांच्या माथी बसते. उपासकाच्या जिभेबाबत उदार असावे. संपादकाच्या लेखणीबाबत कठोर असावे.

पौरोहित्य टिकते ते कशावर, याचाही विचार करावा. ग्रंथ अपुरा असला की तो समजावून सांगणारा मनुष्य आवश्यक होतो. ज्या पानावर प्रत्येक वर्ण निःसंदिग्ध आहे, त्या पानासमोर विहारातील कोणीही तरुण किंवा तरुणी कोश घेऊन बसू शकते, कोणाच्याही परवानगीची तिला गरज नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला तो सर्वसामान्य वाचकासाठी. त्याच बाबासाहेबांनी पालि व्याकरण व कोश यांवर परिश्रम केले होते. महाराष्ट्र शासनाने ते काम त्यांच्या लेखन व भाषणांच्या सोळाव्या खंडात १९९८ मध्ये प्रसिद्ध केले. धम्माचा आशय सर्वांना सुलभ करावा आणि त्याचबरोबर मूळ शब्दापर्यंत जाण्याची साधनेही सर्वांच्या हाती द्यावीत, असा या दोन कामांचा एकत्रित अर्थ आहे. चिन्हांचा आग्रह हा त्या दुसऱ्या साधनाचा लहानसा भाग आहे.

काही सूचना

इंग्रजीत लिहिलेल्या लेखात कम्म, निब्बान यांसारखे रूढ झालेले शब्द चिन्हांविना लिहिण्यास प्रत्यवाय नसावा. परंतु सलग पालि मजकूर, व्यक्ती व ग्रंथांची नावे आणि सूची यांत चिन्हे पूर्ण द्यावीत. त्यांची यादी व देवनागरी समानार्थी अक्षरे पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापावीत. दहा अक्षरांना अर्धे पान पुरते.

मराठी मुलखातील प्रकाशकांसाठी सर्वांत सोपा मार्ग असा की, पालि मजकूर प्रथम देवनागरीत जुळवावा आणि रोमन रूप त्यावरून लिप्यंतराच्या साधनाने काढावे. देवनागरीतून रोमनमध्ये जाताना काहीच हरवत नाही. चिन्हरहित रोमनमधून देवनागरीत परत येण्याची वाट मात्र नाही. एवढी दक्षता घ्यावी की पालि मजकुरात मराठी सवयीने सर्वत्र अनुस्वार न देता ङ, ञ, ण ही पंचमाक्षरे द्यावीत. अन्यथा सङ्घातील ङ च्या जागी यंत्र निग्गहीत उमटवील. जेथे पूर्ण चिन्हे देणे खरोखरच अशक्य असेल, तेथे अक्षर दोनदा लिहिण्याची पद्धत पत्करावी, पण अर्धी चिन्हे देऊ नयेत. आणि छपाईपूर्वी मजकूर दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहावा.

या सूचनांत खर्चाची एकही बाब नाही. लागेल ती थोडी चिकाटी, आणि परदेशात किंवा इंग्रजी शाळेत वाढणारे आपले मूल जेव्हा पहिले सील रोमन अक्षरांत वाचील, तेव्हा त्याने सजीवाचा शब्द वाचावा, पेयाचा नव्हे, एवढी आस्था. एनखालच्या त्या टिंबाचे मोल तितकेच आहे, आणि ते लहान नाही.